आईच्या घोट्याचा एक्स-रे

बोईसरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते. पंधरा वर्षं झाली. कारखान्यांच्या गावात हाडं पुष्कळ मोडतात. पायावर ड्रम पडलेला कामगार, शिडीवरून घसरलेला रंगारी, खड्ड्यात आपटलेली बाईकवरची जोडपी, असे सगळे माझ्या टेबलावर येतात. माणूस दारातून आत येताना पाय कसा धरतो, एवढ्यावरूनच मला बहुतेक वेळा अंदाज येतो. पण तो तोंडातून बाहेर काढायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पेशंट विचारतो, "मॅडम, मोडलंय का?" आणि मी म्हणते, "डॉक्टर सांगतील."

माझं माहेर माकुणसारचं. आईबाबांची तिथे थोडी वाडी आहे. केळी, नारळ, एका बाजूला पानवेल, विहिरीच्या कडेने अळू. बारावीनंतर मी एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करणार म्हटल्यावर घरात कुणालाच ते काय असतं ते कळलं नव्हतं. आई गावात सांगायची, "माजी पोरगी दवाखान्यात फोटो काडते." त्यामुळे एकदा चुलत बहिणीच्या हळदीला मला निरोप आला होता, की येताना कॅमेरा घेऊन ये. मी काय करते ते आईने कधी पाहिलं नव्हतं. तिच्यावर तशी वेळच आली नव्हती. साठी उलटली तरी ती पहाटे उठून वाडीला पाणी लावायची आणि तिला दवाखाना ठाऊक होता तो दुसऱ्यांना बघायला जाण्यापुरता.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी दहाच्या सुमाराला बाबांचा फोन आला. बाबा फोन करत नाहीत. फोन करणं हे आईचं खातं. म्हणून त्यांचं नाव बघूनच मी एक्स-रेच्या खोलीतून बाहेर गेले.

"काल तुझी आई पडली," ते म्हणाले. "पाय मुरगळलाय. सुजलाय जरा. तू काळजी नको करू, हाडवैद्याला बोलावलंय."

"आईला द्या."

आई फोनवर आली आणि आधी केळ्यांचंच सांगायला लागली. खांद्यावर केळ्यांचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, घेऊन ती पाण्याचा पाट ओलांडत होती, कडेची माती ओली होती, पाऊल आतल्या बाजूला दुमडलं. "पण लोंगर नाय सोडला हां," ती म्हणाली. "एक केळं पण नाय चेंगरलं."

"आई, त्या पायावर चार पावलं टाकता येतात का?"

"चार? एक पण नाय येत. कालपासून बाबा धरून नेतात."

"आता घोट्याचं हाड वर आलेलं असतं ना, बाहेरच्या बाजूचं, त्याच्या मागच्या कडेवर बोट दाब. मांसावर नको, हाडावर."

मग तिने श्वास आत ओढला तो मला ऐकू आला.

"दुकतंय?"

"दुकतंय बाय."

"आता आतल्या बाजूला."

"तिते पण."

नुसता मुरगळलेला पाय दुखतो, सुजतो, निळाही पडतो. पण त्यावर माणूस लंगडत का होईना चार पावलं टाकतो, आणि दाबलं तर दुखतं ते हाडाच्या आसपासच्या मांसात. हाडावरच बोट ठेवल्यावर कळ येते आणि पाऊलच टाकवत नाही, तेव्हा एक्स-रे काढल्याशिवाय राहायचं नसतं. हे मी रोज बघते. पण फोनवर, आईच्या श्वासावरून ते कळण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

"कुणालाही पाय ओढू देऊ नको," मी सांगितलं. "तेल नको, शेक नको. पाय उशीवर उंच ठेव. फ्रीजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ लाव. मी येते."

माझा नवरा कंपनीत पाळीवर होता. काम सहकाऱ्यावर सोपवून, शेजाऱ्यांची गाडी आणि शेजारी अशा दोघांनाही घेऊन मी निघाले. पालघरपर्यंत मी धीराने बसले होते. पुढे केळव्याच्या रस्त्याला लागल्यावर मात्र मनात एकच, तो हाडवैद्य माझ्या आधी पोचला असेल आणि त्याने पाय खेचला असेल. त्याच्याशी काय काय भांडायचं ते मी मनात जुळवत होते.

घरी पोचले तेव्हा ते खरोखरच येऊन बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा सदरा, शेजारी तेलाची बाटली आणि बांबूच्या पट्ट्या. पण बाटलीचं बूच उघडलेलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ते बाबांना म्हणाले, "मी हात लावून बघितला. खांदा निखळला, कोपर सरकलं तर मी बसवतो, हे तुमाला ठाऊक हाय. पण हितं दोन्ही बाजूला हाडाचं टोक हाताखाली हलतंय. हे माजं काम नाय. हिला बोईसरला न्या." आणि मग माझ्याकडे बघून, "तू दवाखान्यातली ना? बांबू घे माजे, वाटेत पाय हलायला नको."

रस्ताभर जुळवलेलं भांडण मी तिथेच टाकून दिलं. आम्ही दोघांनी मिळून पाय बांधला. खाली एक उशी, दोन्ही बाजूंना पट्ट्या, वरून आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. बोटं उघडी ठेवली, नखं दाबून रंग परत येतो की नाही ते पाहिलं. गाठी त्यांनी मारल्या. त्यांच्या गाठी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. निघताना मी त्यांच्या पाया पडले. ते संकोचून म्हणाले, "अगं, मी तर काईच नाय केलं." मला वाटतं, त्या दिवशी आईच्या पायासाठी सगळ्यात मोठं काम त्यांनीच केलं.

हॉस्पिटलात माझ्या खोलीतला सहकारी ड्युटीवर होता. स्ट्रेचर बघून तो म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर बसा. मी काढतो." मी हो म्हणणार होते.

आई स्ट्रेचरवरून म्हणाली, "नाय. माजी पोरगी काडेल."

मी अ‍ॅप्रन चढवला. घोट्याचे तीन फोटो काढावे लागतात. एक समोरून, एक बाजूने, आणि तिसरा पाय थोडा आत वळवून. तो तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यातच सांध्याची फट तिन्ही बाजूंनी नीट दिसते. आणि तोच सगळ्यात जास्त दुखतो. मोडलेला पाय वळवायचा म्हणजे पेशंट ओरडतात, शिव्या देतात, एकाने एकदा माझा हात पिरगाळला होता. मी रोज त्यांना म्हणते, दोन सेकंद, फक्त दोन सेकंद. आईपुढे मला ते बोलवेना. मी तिची टाच हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"दुखेल."

"दुसऱ्यांचा कसा वळवते?"

"वळवते तसाच."

"मंग तसाच वळव. माजा म्हणून वाकडा फोटो नको काडू."

मी गुडघ्यापासून पूर्ण पाय धरला, अंगठा जरासा आत आला एवढा वळवला आणि काचेमागे पळाले. आईने टेबलाची कड धरली होती. आवाज केला नाही. तिन्ही फोटो पहिल्या खेपेला नीट आले. एकही परत काढावा लागला नाही. माझ्या नोकरीत मी काढलेल्या एक्स-रेंपैकी मला ज्यांचा अभिमान वाटतो ते हे तीन.

पडद्यावर बघताच कळलं. बाहेरचं बारीक हाड तिरकं मोडलेलं, आतल्या बाजूचं टोक सुटलेलं, आणि आतली फट जितकी असायला हवी त्याहून रुंद. मी बाहेर आले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील," मी सवयीने म्हणाले.

"मला पण हेच सांगशील?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी नियम मोडला. तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि सांगितलं. पायाची दोन हाडं खाली येऊन दोन बाजूंना उतरतात आणि पावलाचं हाड त्या दोघांच्या मधे पकडून धरतात. तुझी दोन्ही बाजूंची टोकं मोडली आहेत, त्यामुळे मधलं हाड जागचं सरकलंय. नुसतं प्लास्टर घातलं तर ते जागेवर टिकेल याचा भरवसा नाही.

आईने जरा विचार केला. "म्हणजे रहाटासारखं," ती म्हणाली. "आपल्या विहिरीवर मोटर यायच्या आदी रहाट होता ना, दोन खांबांच्या मदे. एक खांब बोटभर कलला तरी चाक घासायचं. मंग बाबा आदी खांब ठोकायचे."

हाडांचे डॉक्टर आले तेव्हा तिने त्यांना तेच ऐकवलं. आमचे डॉक्टर फार बोलत नाहीत. पण ते हसले आणि म्हणाले, "मावशी, अगदी बरोबर. आता मी खांब ठोकणार. बाहेरच्या बाजूला पट्टी आणि स्क्रू, आतल्या बाजूला दोन स्क्रू. आपण ते तसंच सोडलं तर सांधा घासत जाईल आणि दोन-चार वर्षांत चालणं अवघड होईल."

बाबा तेव्हा दारात उभे होते. डॉक्टरांनी पडद्यावरचे फोटो त्यांनाही दाखवले. बाबांनी ते बराच वेळ पाहिले. मोडलेल्या हाडाविषयी त्यांनी काही विचारलं नाही. "हे हिनं काडले?" असं विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले. "असा तिसरा फोटो आला की माझं अर्धं काम होतं."

जाताना बाबा माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं ते सरळ करून गेले.

ऑपरेशन लगेच झालं नाही. सूज इतकी होती की कातडी ताणून चकाकत होती आणि अशा कातडीवर टाके घातले तर जखम भरत नाही. कच्चं प्लास्टर घालून पाय उंच टांगून ठेवला. "सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसायला लागल्या की ऑपरेशन करू," डॉक्टर म्हणाले.

"सुरकुत्या तर माज्याकडे कदीच्या हायत," आई म्हणाली, आणि अख्खा वॉर्ड हसला.

सहाव्या दिवशी सुरकुत्या दिसल्या. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला, त्यामुळे आई जागी होती. मी बाहेर बाकावर बाबांच्या शेजारी बसले होते. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरने नंतर सांगितलं, की ड्रिलचा आवाज सुरू झाल्यावर आईने पडद्याआडून विचारलं, "डॉक्टर, सुतारकाम चाल्लंय का?" आणि मग त्यांना सूचना केली, की स्क्रू जास्त आवळू नका, लाकूड जुनं असलं की फाटतं. डॉक्टरांनी म्हणे तिला शब्द दिला. तिची हाडं थोडी विरळ झाली होती हे खरंच होतं. पुढे त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. अजिबात नाही. आई माझ्याकडे बोईसरला राहिली आणि मला खरी धास्ती वाटली ती तेव्हाच. ऑपरेशनमध्ये पडून राहायचं असतं, ते कुणीही करतं. पण जी बाई ताप आला तरी वाडीत जायची, ती सहा आठवडे एका पायावर वॉकर धरून कशी राहणार? आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून पाय टेकतात आणि पट्टी वाकवून परत येतात.

आईने पाय टेकला नाही. एकदाही नाही. घरात संडासापर्यंत आठ उड्या होत्या, त्या तिने मोजून ठेवल्या होत्या. मी कामावर असले की खुर्चीवर बसून ती माझी भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या करायची आणि खिडकीतून खालच्या कामगारांची हिंदी ऐकायची. बाबा माकुणसारला एकटे होते. दर रविवारी ते केळी, अळूची पानं आणि वाडीची बातमी घेऊन यायचे. एकदा डब्यात त्यांनी स्वतः केलेली अळूची भाजी होती. माझ्या जन्मात त्यांनी चुलीशी काही शिजवलेलं मी ऐकलं नव्हतं. आईने खाऊन बघितली आणि म्हणाली, "चिंच कमी पडली." पण ती भाजी तिने कुणाला दिली नाही.

या सहा आठवड्यांतच, पाय न टेकवता, फिजिओथेरपी सुरू झाली. प्लास्टर निघाल्यावर पाय बघून आई पहिल्यांदा घाबरली. पोटरी बारीक झाली होती आणि घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा अडकला होता. आमच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, "मावशी, पाय हवेत उचलायचा आणि अंगठ्याने एबीसीडी काढायची. ए पासून झेड पर्यंत. त्यात घोटा सगळ्या बाजूंना फिरतो."

"मला एबीसीडी नाय येत," आई म्हणाली.

ती मुलगी जरा ओशाळली. काही दुसरं सांगणार तेवढ्यात आई म्हणाली, "बाराखडी चालेल?"

आणि तिने सुरुवात केली. अ काढायला तिला मिनिटभर लागलं. पाय थरथरत होता, कपाळावर घाम आला होता. क नंतर ती थांबली. दुसऱ्या दिवशी च पर्यंत गेली. आठवड्याभराने, बाकीच्या पेशंटांची एबीसीडी बघून, ती फिजिओथेरपिस्टला समजावत होती, की तुमच्या आय-एलमध्ये काय आहे, नुसत्या सरळ रेघा. आमचा ळ काढून बगा, आमचा ज्ञ काढून बगा, पाय कसा सगळीकडून वळतो. आता त्या खोलीत मराठी पेशंटांना बाराखडीच सांगतात. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, खरंच सांगतात.

त्याच वेळेला फिजिओथेरपीच्या खोलीत शेजारच्या खाटेवर एक बाई यायची. पॅकिंगच्या कंपनीत काम करणारी, उत्तरेकडची, जिन्यावरून पडून तिचाही घोटा मोडलेला. तिच्या ऑपरेशननंतर चौथ्याच आठवड्यात ती वॉकर नुसता हातात उचलून पाय टेकत आली. आईने खाटेवरूनच हाक मारली, "ए बाय, पाय नीचे मत रख! अंदर स्क्रू हाय ना, वाकडा होएंगा!"

बाई थबकली. "काम पर जाना है, माँजी," ती म्हणाली. "कब तक बैठूँगी?"

"मेरी केळी पण पिकती हाय उधर," आई म्हणाली. "मैं बैठी ना? तू पण बैठ."

ती बसली. मग फिजिओथेरपिस्टने तिला अंगठ्याने अक्षरं काढायला सांगितली, पण काढणार कशी? तिला सहीपुरतंच येत होतं. आईने आपला पाय उचलला आणि हवेत हळूहळू क काढून दाखवला. बाईने तिच्याकडे बघत आपल्या पायाने काढला. मी कामातून मधे डोकावले की मला त्या दोघी दिसायच्या, दोन खाटांवर आडव्या, दोन पाय वर, आणि आई म्हणतेय, "गोल पूरा कर, अदूरा मत छोड." सगळी अक्षरं नाही झाली. ट पर्यंत पोचल्या आणि बाईच्या फेऱ्या संपल्या. पण शेवटच्या दिवशी तिने माझ्या टेबलावरच्या एका जुन्या लिफाफ्यावर पेनने क, ख, ग काढून आईला दिलं. आईने तो लिफाफा पिशवीत घातला. मला तिने तो नीट बघूसुद्धा दिला नाही.

सहा आठवड्यांनी पाय टेकायची परवानगी मिळाली तेव्हा आईला वाटलं, आता चालत सुटायचं. तसं होत नाही. पहिल्या दिवशी टाच टेकवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्ण दुखण्यात मी तिला तेव्हा एकदाच रडताना पाहिलं, आणि तेही दुखतंय म्हणून नाही. "पाय माजा हाय असं वाटतच नाय," ती म्हणाली. मी तिच्या समोर उभी राहिले, दोन्ही हात पुढे केले. तिने ते धरले नाहीत. वॉकर धरला आणि एक पाऊल टाकलं. मग दोन पावलं वॉकरने, मग काठीने, मग हॉलच्या भिंतीला हात लावून, मग भिंतीशिवाय. तिसऱ्या महिन्यात ती माकुणसारला परत गेली आणि वाडीत नुसती फिरून यायला लागली.

शेवटच्या तपासणीला ती उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. एसटीने, एकटी. सकाळच्या ओपीडीत गर्दी होती. मी नवा एक्स-रे काढला. भेगा भरून आल्या होत्या, मधलं हाड अगदी मधोमध बसलं होतं. डॉक्टरांनी फोटो बघून मान हलवली आणि म्हणाले, "मावशी, आता फक्त त्या एका पायावर उभ्या राहा आणि टाच उचला. जमतील तेवढ्या वेळा. भिंतीला बोट लावलं तरी चालेल."

ही परीक्षा तरुण माणसांनाही जड जाते. आईने चप्पल काढली, लुगडं सावरलं, एक बोट भिंतीला लावलं आणि टाच उचलली. बाकांवरची माणसं बघायला लागली. तीन, चार. पाचव्याला घोटा लटपटला. मी पुढे झाले तर तिने मला डोळ्यांनीच मागे थांबवलं. सहा, सात, आठ. दहाव्याला कुणीतरी टाळी वाजवली. बारा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बस, बस मावशी! माझ्याच्यानेसुद्धा एवढ्या होत नाहीत."

"मंग बाराखडी काडा," आई म्हणाली आणि चप्पल घातली.

पाय पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही. उकिडवं बसायला तिला अजून त्रास होतो, संध्याकाळी घोटा जरा फुगतो, थंडीत पट्टी जाणवते. पाणी लावायच्या कामाला बाबा जातात. ती पानं निवडायचं, बांधायचं काम बसून करते आणि त्याबद्दल कुरकुरते. लोंगर मात्र ती खांद्यावर घेत नाही, हे तिने स्वतःच ठरवलं.

त्या शेवटच्या तपासणीच्या दिवशी तिला गाडीने सोडते असं मी म्हणाले होते. तिने ऐकलं नाही. "तुजी माणसं बाहेर बसलीत," ती म्हणाली. "एकाचा हात मोडलाय, बग, कसा धरलाय त्यानं." तिचंही लक्ष आता तसंच जातं. मी अ‍ॅप्रन घालूनच फाटकापर्यंत गेले. ती रस्ता ओलांडून स्टँडच्या दिशेने निघाली, रिक्षावाल्याला हाताने नको म्हणाली, फुटपाथ जिथे फुटला आहे तिथे थांबून खाली बघितलं, पाऊल नीट सपाट टेकवलं आणि पुढे गेली. मागे वळून तिने बघितलं नाही. मीही हाक मारली नाही. ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले, आणि मग आत जाऊन त्या हातवाल्याला बोलावलं.